सुळक्यांमधली बाग

त्या वर्षी जानेवारी सरला तरी समुद्र खाली बसेना. ख्रिसमस बेटाच्या खाडीत जहाज लागायचं तर पाणी निवांत लागतं. धान्याचं जहाज बाहेर घिरट्या घालून दोनदा तसंच परत गेलं आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या पडल्या. विमानाने एकच कोबी आला होता, दुकानदाराने त्याच्या चार फाका करून मांडल्या होत्या. त्यातली एक, कडेने काळी पडलेली, हातात धरून कलसोम रांगेत उभी होती. पुढे उभा असलेला म्हातारा थाम मागे वळला, फाकेकडे बघितलं आणि म्हणाला, "आमच्या गावी एवढ्या पैशांत कोबीवालीशी लग्न लागलं असतं."

"मग लावून घ्यायचं होतं ना, अपेक. आज निदान अख्खा कोबी तरी घरात असता."

अपेक म्हणजे चिनी आजोबा. सगळी मलाय माणसं थामला तसंच हाक मारत. कलसोमला मात्र मलाय काय, चिनी काय, सगळं बेट मक सोम म्हणायचं, म्हणजे सोमआई. फक्त थाम तिला नुसतं सोम म्हणे. तो वयाने मोठा होता आणि तिच्या नवऱ्याबरोबर खाणीत आयुष्य काढलेला होता.

दुकानाबाहेर पायरीवर थाम तिच्यासाठी थांबला होता. म्हणाला, "ड्रमसाइटला खाणीच्या भट्ट्या आहेत ना, त्यांच्यामागे एक जागा आहे. माती आहे तिथे. चांगली खोल."

"मातीला काय तोटा आहे? सगळं बेट मातीच विकतं."

"विकायची नाही ग. पेरायची."

ती हसली. पण घरी जाऊन तो कोबी चिरताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

कलसोमचा जन्म खाडीकाठच्या कंपाँगमधला, म्हणजे मलाय वस्तीतला, तिथल्याच एका चाळवजा इमारतीतला. बाप खाणीत, नवरा दहलान खाणीत. दहलान जहाजात माल ओतणाऱ्या यंत्रावर होता. ती तरुण असताना सरकारने एकदा खाण बंदच केली होती. निम्मं बेट सामान बांधून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, पर्थला निघून गेलं. मागे राहिलेल्यांनी हट्टाने पैसा गोळा करून ती पुन्हा चालू केली. मग कॅसिनो आला. त्याच्या धुलाईखान्यात कलसोमने पांढऱ्या चादरींना इस्त्री केली. कॅसिनो गेला. मग समुद्रातून आलेल्या निर्वासितांना कोंडायची छावणी आली, तिच्या स्वयंपाकघरात कलसोमने ढिगाने भात शिजवला. छावणीही ओसरली. प्रत्येक वेळी बाहेरून कुणीतरी येऊन सांगायचं की आता खाणीची काळजी नको, आता हे आलंय. ते जायचं, आणि लोक पुन्हा खाणीच्या दाराशी. दहलान गेल्यावर त्यांचा एकुलता मुलगा रिझवान पोकलेनवर लागला, तेव्हा तिने देवाचे आभारच मानले होते.

इथल्या खाणीत बोगदे नाहीत. जंगल काढायचं, आणि चुनखडीच्या सुळक्यांमध्ये भरलेली फॉस्फेटची माती उपसून न्यायची. ती भट्टीत वाळते, जहाजात पडते आणि दूर मलेशियातल्या ताडतेलाच्या मळ्यांना खत म्हणून जाते. मागे उरतात ते सुळके, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, करडे, दात विचकल्यासारखे. तिथे धड चालता येत नाही. थामने दाखवलेली जागा मात्र वेगळी होती. तिच्यावरून एके काळी माल वाहणारा पट्टा जायचा, म्हणून ती कुणी खोदली नव्हती. पट्टा निघाला, माणसं बदलली आणि तो तुकडा सगळे विसरले. थाम विसरला नव्हता. त्याची हयात त्या भट्ट्यांवर गेली होती आणि डबा खायला तो याच तुकड्यावर येऊन बसायचा.

पहिल्या वर्षी खेकड्यांनी सगळं फस्त केलं. लाल खेकडे रोपांना शेंड्यापासून मुळापर्यंत खात, आणि मोठे नारळखेकडे तर थामची किटली आणि एक चप्पलसुद्धा घेऊन गेले. मग त्यांनी जुन्या पत्र्यांचं गुळगुळीत कुंपण घातलं. ते चढताना खेकडे घसरून पडायचे. नुसत्या फॉस्फेटवर पालेभाजी धरत नाही, म्हणून कलसोम कोळ्यांकडून माशांची आतडी, दुकानातून पुठ्ठे आणि घराघरांतून नारळाचा काथ्या गोळा करायची. थाम कोंबड्यांची विष्ठा पोत्यात भरून खांद्यावरून आणायचा. कंपाँगच्या बायका नाक धरत. "मक सोम, तुमच्या अंगाला अत्तर फार छान येतंय हो," असं म्हणून हसत.

"हसा. उद्या वांगी मागायला याल ना, तेव्हा तुम्हालाही लावीन," कलसोम म्हणे.

दुसऱ्या वर्षी चवळीच्या शेंगा लागल्या, मिरच्या लागल्या. तिसऱ्या वर्षी वरची हात-दीड हात माती काळी, भुसभुशीत झाली होती. मुठीत धरली की केकसारखी फुटायची. वांगी, भोपळे, रताळी, चिनी कोबी, नळीची भाजी, कडेने गवती चहा. शनिवारी सकाळी चढावरच्या पून सान वस्तीच्या चौकात झाडाखाली दोघं टोपल्या मांडून बसत. थाम मोठ्याने भाव सांगायचा आणि कलसोम गुपचूप चार शेंगा जास्त टाकायची. त्यावरून दोघांची नेहमी भांडणं.

"तुझ्या हातात तराजू दिला तर बाग दिवाळ्यात जाईल."

"तुमच्या हातात दिला तर गिऱ्हाईक जाईल."

त्या तिसऱ्या वर्षी समुद्र पुन्हा फुगला, विमानही ढगांमुळे उतरेना, आणि सबंध पंधरवडा बेटाने या दोघांच्या बागेतली भाजी खाल्ली. शाळेच्या बाई, खाणीचा मॅनेजर, मशिदीचे इमाम, चिनी देवळातला पुजारी, सगळे रांगेत. थाम त्या दिवसांत चालायचा तेसुद्धा छाती काढून. एका संध्याकाळी, सुळक्याला पाठ टेकून, त्याने अगदी शांतपणे तिला सांगितलं, "सोम, असे आणखी दहा तुकडे केले ना, तर खाण बुडाली तरी आपण बुडणार नाही."

कलसोमने ते मनावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की या बेटावर असं काही आहे, जे बाहेरून आलेलं नाही.

पुढच्या कोरड्या मोसमात बातमी आली. खाणीने नवीन जंगल तोडायला मागितलेली परवानगी सरकारने नाकारली. पक्षी, खेकडे, झाडं, जगात आणखी कुठे नाहीत अशी. कुणाला त्याचा राग आला, कुणी म्हणालं बरंच झालं. पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते एकाच गोष्टीने. हातातल्या जागा संपत आल्या होत्या. आता जुन्या, सोडून दिलेल्या तुकड्यांमध्ये कुठे कोपऱ्याकापऱ्यात माल राहिलाय का, ते हुडकायचं ठरलं. माणसं लांब सळया घेऊन माती टोचत हिंडू लागली. ती बागेच्या कुंपणाशीही येऊन गेली. कलसोमने त्यांना काकडी कापून दिली.

त्या आठवड्यातच रिझवान जेवताना गप्प गप्प होता. त्याची बायको नॉरलेला त्याच्याकडे सारखी बघत होती. शेवटी तिनेच कोपराने ढोसलं, "सांग ना. उद्या युनियनच्या सभेत बाहेरच्यांकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं."

"काय सांगायचंय?" कलसोमने विचारलं.

रिझवान ताटातला मासा चिवडत म्हणाला, "मक, बागेखाली माल आहे. बाकी सगळीकडे खरवड आहे. तिथे मात्र सळई खाली जातच राहिली."

"असणारच. म्हणून तर भाजी येते."

"त्यांना ती जागा हवी आहे."

कलसोमने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आणि मग भाजी?"

"भाजी काय, मक," नॉरलेला हळू आवाजात बोलली. ती मुलगी वाईट नव्हती, फटकळ होती एवढंच. "तुमची भाजी कोण विकत घेतं? खाणीतली माणसं. पगार बंद झाला की ती राहतील का इथे? मग थाम अपेक आणि तुम्ही एकमेकांनाच विका शेंगा."

"नॉर," रिझवान म्हणाला.

"खोटं बोलतेय का मी? यांना लोखंडाच्या खाणीतून बोलावणं आलंय, मक. तिकडे, मुख्य भूमीवर. इथलं काम राहिलं तर आम्ही राहू. नाही तर किती दिवस बसून खाणार? आयनाची शाळाही धड राहील की नाही कोण जाणे."

आयना, कलसोमची नात, शेजारच्या खोलीत झोपली होती. रिझवान आईकडे न बघता म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण मला खरंच जायचं नाहीये ग इथून."

या शेवटच्या वाक्याने ती मोडली. तो धमकी देता, भांडता, तर तिने त्याला ऐकवलं असतं.

सभा पून सानच्या सभागृहात भरली. एरवी लग्नाला जमावी तेवढी माणसं, पण आवाज नाही. युनियनचा सेक्रेटरी लियाँग पुढे उभा होता. दहलानच्या हाताखाली शिकलेला माणूस, कलसोमच्या घरी ईदला जेवलेला. त्याला बोलणं जिवावर आलं होतं.

"जागा कागदोपत्री खाणीचीच आहे," तो म्हणाला. "विचारायची गरज नाही असं वरच्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, मक सोम आणि थाम अपेकना विचारल्याशिवाय आमचा एकही माणूस यंत्राला हात लावणार नाही. म्हणून विचारतोय."

थाम उभा राहिला. "किती माल निघेल?"

"दोन जहाजं. नशीब असेल तर तीन."

"आणि मग?"

"तोवर नवीन परवानगीसाठी पुन्हा प्रयत्न करू, अपेक. तोवर कामं चालू राहतील."

"तोवर," थाम म्हणाला. "या बेटावर पाय ठेवल्यापासून मी हा शब्द ऐकतोय. बी खाऊन पेरणीची वाट बघणारी माणसं तुम्ही." तो लोकांकडे वळला. "समुद्र फुगला होता तेव्हा काय खाल्लंत? सांगा की. याच चौकात रांगा लावल्या होत्यात."

रांगेत उभे राहिलेले सगळेच तिथे होते आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. मागून एक ट्रक चालवणारा मुलगा म्हणाला, "खाल्लं, अपेक. उपकार आहेत तुमचे. पण घराचा हप्ता भोपळ्याने भरता येत नाही."

थोडं हसू पिकलं आणि लगेच विरलं.

"माझं उत्तर नाही," थाम म्हणाला. "सोमचंही नाही. काय ग?"

कलसोमने मान वर केली. समोर बाकांवर ओळखीचे चेहरे दिसत होते. हिच्या बाळंतपणात तिने सूप नेलं होतं, त्याच्या आईला शेवटची आंघोळ तिने घातली होती. शेवटच्या बाकावर रिझवान मित्रांच्यात बसला होता, हात मांड्यांखाली दाबून, लहानपणी मार पडायच्या आधी बसायचा तसा. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "घ्या."

लियाँगने नीट ऐकू न आल्यासारखं पुढे वाकून बघितलं.

"घ्या म्हणाले. वरची काळी माती तेवढी वेगळी काढा. ती आमची आहे. दुसरीकडे कुठे टाकून देता आली तर बघा."

"देऊ, मक सोम. शब्द देतो. जागाही देऊ."

थामने डोक्यावर टोपी घातली आणि तो बाकांच्या मधून सरळ दाराकडे गेला. कलसोम त्याच्या मागे धावली. साठीतल्या बाईला धावताना बघून लोकांनी वाट करून दिली. चौकातल्या झाडाखाली तिने त्याला गाठलं.

"अपेक, थांबा. माझं ऐका."

तो थांबला. रागावलेला दिसत नव्हता, दमलेला दिसत होता. "बाग दोघांची होती, सोम," तो म्हणाला. "दिलीस तू एकटीने."

तो चढ चढून गेला.

भाजी काढायला कंपाँगच्या बायका आल्या. त्या दिवशी कुणी नाक धरलं नाही, की कुणी अत्तराचं काढलं नाही. कच्चे भोपळे, बोटाएवढी वांगी, जे हाताला लागलं ते उपटून घराघरांत वाटलं. थाम आला नाही. त्याच्या वाटणीची रताळी कलसोमने त्याच्या दाराशी ठेवली, ती दोन दिवस तिथेच पडून होती आणि मग कोंबड्यांनी टोचली.

खोदायला रिझवानच आला. लियाँग त्याला म्हणाला होता की दुसऱ्या कुणाला पाठवतो. "नको. दुसरा वाट्टेल तसं उकरेल," असं म्हणून तो स्वतःच यंत्रावर चढला. पत्रे काढले, गवती चहाचे थोंब बाजूला ठेवले. यंत्राच्या बादलीने त्याने काळी माती साय काढावी तशी वरच्यावर काढली. कलसोम सुळक्याच्या सावलीत बसून बघत होती. मुलगा कामाला हुशार आहे हे तिला ठाऊक होतं, पण इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलं नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या लोखंडी हाताला तो चमच्यासारखा वागवत होता. तिला अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचीच तिला शिसारी आली.

दुपारी तिने त्याच्यासाठी डबा उघडला. त्याने दोन घास खाल्ले. "बरोबर काढतोय ना?" त्याने विचारलं.

"बरोबर काढतोयस."

काळ्या मातीचा ढीग भट्ट्यांजवळ नेऊन वर ताडपत्री घातली. लियाँगने खाणीच्या बंद पडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर एक जागा बघितली होती. सपाट होती, पाण्याला जवळ. कलसोम दोनदा जाऊन बघून आली. थामला सांगावं म्हणून त्याच्या घरीही गेली. आत रेडिओ चालू होता, पण दार उघडलं नाही.

मग जहाज आलं. वाऱ्याची दिशा बदलायला लागली होती, समुद्र कधी उठेल याचा नेम नव्हता, आणि जहाजाचा कप्तान घाई करत होता. सगळ्या पाळ्या एकामागून एक लावल्या. त्या घाईत कुणीतरी ताडपत्री ओढली, आणि भट्टीजवळ पडलेला ढीग म्हणजे भट्टीचाच माल समजून लोडरने उचलला. रिझवान कामावर गेला तेव्हा तिथे नुसती ओली जमीन होती.

त्याने घरी येऊन सांगितलं. बूट न काढताच उंबऱ्यात उभा राहिला. "कुणाची चूक ते विचारू नकोस, मक. नवीन पोरगं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"कुठे गेली?"

"जहाजात. मलेशियाला, जोहोरला चाललंय ते."

तीन वर्षांची आतडी, काथ्या, थामने खांद्यावरून आणलेली पोती, सगळं आता कुणाच्या तरी ताडाच्या झाडांखाली जाऊन पडणार होतं. "त्यांना चांगलं फळ येईल," ती म्हणाली आणि भाताकडे वळली. रिझवान तिथेच उभा राहिला, तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "बूट काढ. घर झाडलंय मी."

लियाँग माफी मागायला आला. त्याला तिने कॉफी दिली. जुन्या रेल्वेच्या वाटेवरची जागा तुमचीच आहे, असं तो दोनदोनदा म्हणाला. तिने मान डोलावली. ती तिकडे परत गेली नाही.

बागेखालचा माल दोन जहाजांनासुद्धा पुरला नाही. सळई खोल गेली होती ती दोन सुळक्यांमधल्या फटीत. आजूबाजूला खाली नुसता दगड. दुसरं जहाज अर्धवट भरून गेलं. नव्या परवानगीचं काही झालं नाही. एका शुक्रवारी, नमाजानंतर, पुरुष मशिदीबाहेर नेहमीसारखे न रेंगाळता लवकर घरी आले आणि बायकांना कळलं. आधी ट्रकवाल्यांचं काम गेलं, मग भट्ट्यांवरच्यांचं, मग पोकलेनवाल्यांचं.

रिझवानने महिनाभर वाट बघितली. मासे मारले, एका इमारतीला रंग दिला. मग लोखंडाच्या खाणीला होकार कळवला. नॉरलेला सामान बांधताना एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाली नाही. उलट एका सकाळी कलसोमच्या मागे येऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. "चला ना आमच्याबरोबर पर्थला," ती म्हणाली. "तिथे मशीद आहे, आपली माणसं आहेत."

"हा तिकडे वाळवंटात राहणार महिना महिना, आणि आपण दोघी एकमेकींची तोंडं बघणार."

"इथे कुणाचं बघणार आहात?"

दहलानची कबर इथे होती आणि तिची स्वतःची जागा त्याच्या शेजारी धरलेली होती. हे तिने बोलून दाखवलं नाही, तरी सुनेला ते कळलं.

विमानतळावर आयना आजीच्या कंबरेला बिलगली आणि मग खिडकीची जागा मिळावी म्हणून पुढे पळाली. रिझवान मागे राहिला. "तू 'घ्या' म्हणालीस ते माझ्यासाठी ना?" त्याने विचारलं.

"सगळ्यांसाठी," ती म्हणाली.

त्याने तिचा हात कपाळाला लावला. ती खोटं बोलते आहे हे त्याला समजलं होतं, आणि तिला तो ते सोडून देतो आहे हे समजलं. विमान ढगात शिरेपर्यंत ती थांबली नाही. परतीला गाडी देणारा शेजारी घाईत होता. त्यालाही सामान बांधायचं होतं.

माणसं कमी झाली तशी विमानंही कमी झाली. शाळेचे दोन वर्ग एकत्र बसू लागले. दुकानदाराने उधारी बंद केली, मग दुपारनंतर दुकानच बंद ठेवायला लागला. धान्याचं जहाज आता समुद्र शांत असतानाही लांबणीवर पडे. एवढ्याशा मालासाठी एवढं लांब कोण येणार, असं जहाजवाले म्हणत.

थामही निघाल्याचं तिला चिनी देवळाच्या पुजाऱ्याकडून कळलं. मलेशियात, इपोहला त्याचा एक पुतण्या होता. त्याला थामने कधी पाहिलेलंही नव्हतं. तो निघायच्या आदल्या दिवशी तिने मागच्या दाराशी उगवलेली रताळ्याची कोवळी पानं खुडली, मिरची आणि सुक्या कोळंबीत परतली, डब्यात भात भरला आणि चढ चढून गेली. या वेळी दार उघडं होतं. खोलीत एक बॅग, एक पंखा, आणि भिंतीवर जिथे देव होते तिथे काजळीचा चौकोन.

"बस," थाम म्हणाला.

ती बसली. तो खालमानेने खाऊ लागला. अर्धा डबा संपल्यावर त्याने विचारलं, "ज्याच्यासाठी दिलीस तो राहिला का?"

"नाही."

"हं."

तो टोमणा होता की विचारपूस, ते तिला कळेना. "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, अपेक," ती म्हणाली.

"मी म्हणालो तसंही झालं नसतं." त्याने पानांचा देठ बाजूला काढून ठेवला. "ती सून तुझी बोलली होती म्हणे. कोण घेणार भाजी. खरंच होतं ते. मी इथे रोज बसून हिशेब मांडला. बाग राहिली असती तरी आज आपण दोघं टोपल्या घेऊन चौकात बसलो असतो आणि समोर कुत्रं आलं नसतं." त्याने डब्याला झाकण लावलं. "पण मला ती हवी होती, सोम. बेटासाठी वगैरे काही नाही. मला हवी होती."

"मलाही," ती म्हणाली.

"मीठ जास्त झालंय," तो म्हणाला. "इपोहला काय खायला मिळेल कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी ती त्याला पोचवायला गेली नाही. त्यानेच नको म्हणून सांगितलं होतं.

खाडीवर माल ओतणारं यंत्र तसंच पाण्यावर हात पसरून उभं आहे. खाली पूर्वी सतत फॉस्फेटचा धुरळा उडायचा, म्हणून कंपाँगच्या बायकांनी जन्मभर कपडे घरातच वाळवले. आता त्या बाहेर दोऱ्या बांधतात. परवा समोरच्या इमारतीतली बाई ओल्या चादरी झटकत कलसोमला म्हणाली, "बघा मक सोम, कशा पांढऱ्या शुभ्र राहतात हल्ली. एक कण नाही."

"छान निघाल्यात," कलसोम म्हणाली.

"तुम्हीपण टाका ना बाहेर. दोऱ्या काय, रिकाम्याच आहेत."

कलसोम आत गेली, बादली घेऊन आली. दोन परकर, एक टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा. तिने ते एका टोकाला वाळत घातले, चिमटे लावले, आणि वरचं दुकान उघडं आहे का ते बघायला चढाकडे निघाली.